वकिलाविना घटस्फोट : हक्क आणि जबाबदारी

लग्न लावायला भटजी लागतो आणि मोडायला वकील, ही समजूत आपल्या समाजात इतकी घट्ट रुजली आहे की तिची कोणी शहानिशाच करीत नाही. संसार टिकणार नाही हे नवराबायको दोघांनाही कळून चुकलेले असते, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी ते मान्य केलेले असते, देण्याघेण्याचा हिशेबही मिटलेला असतो. तरीही वकिलाच्या फीची तजवीज होत नाही म्हणून प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळत राहते. याच्या उलट, कोर्टाची पायरीच चढायला नको म्हणून स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून मोकळे होणारेही आहेत. पहिल्यांना कायद्याने दिलेली सवलत ठाऊक नसते, तर दुसऱ्यांना कायद्याने घातलेली मर्यादा ठाऊक नसते. दोघांचेही नुकसान होते आणि ते बहुधा स्त्रीच्या व मुलांच्या वाट्याला अधिक येते.

मावळ तालुक्यातील भाजे गावाचे उदाहरण घ्यावे. लोहगड आणि विसापूर यांच्या पायथ्याचे हे गाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे. सुटीच्या दिवशी मळवली स्थानकावर उतरणारी गर्दी लेण्यांकडे आणि किल्ल्यांकडे वळते. न्यायालयात काम निघालेल्या गावकऱ्याला मात्र याच स्थानकावरून पुण्याकडची लोकल धरावी लागते. कामशेत आणि कान्हे मागे पडले की वडगाव येते. तेथे तालुक्याचे न्यायालय आहे. तीच गाडी पुढे शिवाजीनगरला पोचते. तेथे जिल्हा न्यायालय आणि पुण्याचे कौटुंबिक न्यायालय आहे. अंतर काही फार नाही. परंतु प्रत्येक तारखेला रोज बुडवायचा, गाडीभाडे भरायचे आणि वर फी द्यायची, हा खर्च शेतमजुराला, हॉटेलात राबणाऱ्याला किंवा बंगल्याची राखण करणाऱ्याला झेपणारा नसतो. अशा माणसाला वकील न देता स्वतःच न्यायालयापुढे उभे राहता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ शास्त्रार्थाचा राहत नाही.

कायदा काय म्हणतो?

उत्तर स्पष्ट आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पक्षकाराला न्यायालयात स्वतः हजर राहण्याची, स्वतः अर्ज करण्याची आणि स्वतः बाजू मांडण्याची मुभा आहे. वकील नेमणे ही सोय आहे, सक्ती नव्हे. कौटुंबिक न्यायालयांच्या बाबतीत तर संसदेने याही पुढे पाऊल टाकले. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ याच्या कलम १३ प्रमाणे तेथे कोणाही पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क म्हणून दावा करता येत नाही. कायद्याच्या बाबतीत साहाय्य हवे असे न्यायालयाला वाटले, तर ते एखाद्या विधिज्ञाला न्यायमित्र म्हणून पाचारण करू शकते. इतरत्र वकील हा नियम असतो. येथे पक्षकाराने स्वतः बोलावे अशी अपेक्षा आहे.

या तरतुदीमागे मोठा विचार होता. घरगुती कलहासाठी वेगळी न्यायालये असावीत, ही कल्पना दुर्गाबाई देशमुख यांनी १९५३ साली चीनचा दौरा करून आल्यावर नेटाने मांडली. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी चर्चा करून त्यांनी ती पंडित नेहरूंपर्यंत पोचविली. पुढे गजेंद्रगडकर यांच्याच अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९७४ साली विवाहविषयक कायद्यांवर अहवाल दिला. त्यानंतर १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कलम १३ ब आले. १९८४ साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला आणि १९८९ साली पुणे व मुंबई येथे ही न्यायालये सुरू झाली. वकिलांच्या उलटतपासणीत नवराबायकोचे भांडण अधिक चिघळते, समेटाची वाट बंद होते आणि खर्च वाढतो, हे ओळखून तेथे समुपदेशक नेमण्याची आणि पुराव्याचे नियम शिथिल करण्याची तरतूद झाली. समेटाचा प्रयत्न करणे हे तर न्यायालयाचे कर्तव्यच ठरविले गेले.

तथापि, वकिलाला दार बंद केले की न्याय आपोआप सुलभ होतो, असे नाही. एक पक्ष शिकलेला आणि व्यवहारचतुर, दुसरा अक्षरशत्रू आणि भेदरलेला, अशी स्थिती असेल तर दोघांनाही वकील नाकारण्यातील समता पोकळ ठरते. मुंबई उच्च न्यायालयाने लीला महादेव जोशी यांच्या प्रकरणातील निकालात कलम १३ चा अर्थ सरसकट बंदी असा लावला नाही. न्यायालयाच्या परवानगीने वकील देता येतो, ही वाट मोकळी ठेवली. प्रत्यक्षात आज कौटुंबिक न्यायालयांतही वकील सर्रास दिसतात. एका परीने हे अपरिहार्य होते. पण त्यामुळे पक्षकाराचा स्वतः उभे राहण्याचा मूळ हक्क लोकांच्या विस्मरणात गेला.

संमती असेल तर

हा हक्क खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो परस्परसंमतीच्या घटस्फोटात. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब मध्ये तीनच गोष्टी सांगाव्या लागतात. पतिपत्नी एक वर्ष किंवा अधिक काळ विभक्त राहत आहेत, ती एकत्र नांदू शकलेली नाहीत आणि विवाह संपुष्टात आणण्याचे दोघांनी मिळून ठरविले आहे. कोण चुकले, कोणी छळ केला, कोणाची वागणूक कशी होती, यातील काहीही सिद्ध करावे लागत नाही. विभक्त म्हणजे वेगळ्या घरांत असेही नव्हे. एका छपराखाली राहूनही पतिपत्नीचे नाते उरलेले नसेल तर ते विभक्त राहणेच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुरेष्टा देवी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून लग्न केलेल्यांसाठीही अशीच तरतूद आहे. इतर धर्मीयांचे कायदे वेगळे आहेत आणि त्यांनी ते स्वतंत्रपणे पाहावेत.

अर्ज कोठे करावा, हा पहिला व्यावहारिक प्रश्न. जेथे लग्न झाले, जेथे दोघे शेवटी एकत्र राहिले किंवा जेथे प्रतिवादी राहतो, तेथील न्यायालयात तो करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने यात एक मोलाची भर पडली. पत्नी अर्जदार असेल तर अर्जाच्या वेळी ती जेथे राहते तेथेही अर्ज चालतो. भाजे गावची लेक लग्न होऊन दूरच्या जिल्ह्यात गेली आणि माहेरी परतली, तर तिला सासरच्या गावच्या न्यायालयात खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. कौटुंबिक न्यायालयाची हद्द मात्र सरकारी अधिसूचनेने ठरते आणि कायद्यातील सक्ती दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपुरतीच आहे. जेथे ती हद्द पोचत नाही तेथला अर्ज जिल्हा न्यायालयाकडे किंवा सरकारने नेमून दिलेल्या दिवाणी न्यायालयाकडे जातो. म्हणून मावळातील माणसाने पहिली चौकशी वडगावच्या न्यायालयात करावी, हे श्रेयस्कर.

अर्जात लग्नाची तारीख आणि ठिकाण, विभक्त झाल्याची तारीख, मुलांची नावे व वये आणि ठरलेल्या अटी लिहाव्या लागतात. सोबत प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, तो नसल्यास लग्नपत्रिका व छायाचित्रे आणि राहण्याचा पुरावा जोडतात. घटस्फोटाच्या कामी स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी महाराष्ट्र शासनाची अधिसूचना १९९४ पासून आहे. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. अर्ज इंग्रजीतच हवा, हा केवळ भ्रम होय.

अर्ज दाखल झाल्यावर कायदा सहा महिने थांबायला सांगतो. राग निवावा, विचार बदलायचा तर बदलता यावा, हा त्यामागचा हेतू. सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती सांगावी लागते. दोघे बराच काळ विभक्त असतील, समेटाचे सारे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा यांचा निकाल लागला असेल, तर ही मुदत माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग यांच्या प्रकरणात सांगितले. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. संमती धाकाने किंवा फसवणुकीने घेतलेली नाही, याची खात्री करून घेणे हे न्यायाधीशाचे काम आहे. त्या वेळी वकील शेजारी असो वा नसो, प्रश्न पक्षकारालाच विचारले जातात आणि उत्तर त्यालाच द्यावे लागते.

सोडचिठ्ठीचा सापळा

स्वतःच निकाल लावण्याची आणखी एक रीत आपल्याकडे फार जुनी आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोडीची चाल होती. काडी मोडून नाते तुटल्याचे जाहीर करीत, त्यावरूनच तो शब्द पडला. फारकत हा शब्दही त्याच व्यवहारातला. वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींतील स्त्रीला जेव्हा सुटकेचा कोणताही मार्ग नव्हता, तेव्हा या रूढीने कष्टकरी समाजातील स्त्रीला निदान एक वाट दिली होती, हे मान्य केले पाहिजे. रखमाबाईंना नको असलेल्या विवाहापायी १८८४ पासून चार वर्षे न्यायालयात झुंजावे लागले, तुरुंगवासाची धमकी ऐकावी लागली आणि अखेर १८८८ साली पैसे मोजून तडजोड करावी लागली. हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली आला, देशभर १९५५ साली.

पण जुनी चाल आजच्या कागदाला आधार देईलच, असे नाही. हिंदू विवाह कायद्याने रूढीने मान्य असलेला घटस्फोट जपला आहे, हे खरे. परंतु ती रूढी प्राचीन, अखंड, निश्चित आणि लोकहिताला बाधक नसलेली आहे, हे सिद्ध करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावर असतो. जातीला विवाह रद्द ठरविण्याचा अधिकार आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ इतक्या पूर्वी अमान्य केले होते. पंचांनी बसून दिलेला निवाडा किंवा नोटरीच्या शिक्क्याचा स्टॅम्प पेपर म्हणजे घटस्फोट नव्हे. नोटरी सही कोणाची हे सांगतो. विवाह संपला असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

या अज्ञानाची किंमत मोठी असते. अशा कागदावर विसंबून पुरुषाने दुसरे लग्न केले तर ते लग्न निरर्थक ठरते आणि तो गुन्हाही होतो. दुसऱ्या स्त्रीला पत्नीचा दर्जा मिळत नाही, पहिलीला वारसा आणि पोटगी यांसाठी भांडावे लागते. स्त्रीने त्या कागदाच्या भरवशावर पुन्हा संसार थाटला तर तिचीही तीच गत होते. मुलांना कायद्याने औरस मानले आहे, एवढाच काय तो दिलासा. वाचविलेल्या दोनपाच हजारांपायी आयुष्याचा घोळ होतो तो असा. काही जण तर वृत्तपत्रातील बातमी वाचून निघतात. विवाह पूर्णपणे कोलमडला असेल तर तो संपुष्टात आणण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे, हे घटनापीठाने २०२३ साली सांगितले. परंतु तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालचा त्या न्यायालयाचा खास अधिकार आहे. वडगावच्या किंवा पुण्याच्या न्यायालयापुढे तो मागता येत नाही.

एकटेपणा आणि स्वावलंबन

यावरून वकिलाची गरजच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. संमती नसेल, छळ किंवा परित्याग सिद्ध करायचा असेल, मुलांच्या ताब्यावरून चढाओढ असेल, नवऱ्याची मिळकत दडविलेली असेल, तर साक्षीपुरावा आणि उलटतपासणी यांतून एकट्याने मार्ग काढणे फार कठीण. भाऊ, मामा किंवा गावचा पुढारी न्यायालयात वकिलासारखी बाजू मांडू शकत नाही. अशा वेळी वकील घ्यावा, आणि तो घेण्यासाठी पैसे नसतील तर मागून घ्यावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही तो आहे. त्यासाठी तालुका पातळीवर विधी सेवा समिती असते. याखेरीज कज्जाचा खर्च दुसऱ्या पक्षाने द्यावा, असा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली करता येतो. पोटगीच्या कामात दोन्ही पक्षांनी आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली घालून दिला आहे.

संमतीच्या प्रकरणातही एक धोका असतो. लवकर सुटका व्हावी म्हणून बाई पोटगीवर पाणी सोडते, स्त्रीधनाची यादी करीत नाही, मुलांच्या शिक्षणाचा खर्च अटींत लिहून घेत नाही. सही झाल्यावर पश्चात्तापाला अर्थ नसतो. म्हणून अर्ज स्वतः करायचा असला तरी अटींचा मसुदा एकदा विधी सेवा समितीच्या वकिलाला दाखवावा. वकीलपत्र न देता सल्ला घेण्यात कमीपणा नाही. मुलांच्या हिताच्या बाबतीत तर आईबापांनी काहीही ठरविले तरी न्यायालय त्याने बांधले जात नाही.

इंग्लंडचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे एप्रिल २०२२ पासून कोणाचाही दोष न दाखविता घटस्फोट मागता येतो. पतिपत्नीला मिळून किंवा एकट्याने घरबसल्या अर्ज भरता येतो आणि वकील लागत नाही. पण त्याच देशात एप्रिल २०१३ मध्ये बहुतेक कौटुंबिक तंट्यांसाठीची सरकारी विधी मदत बंद केली गेली. त्यानंतर मुलांच्या ताब्याच्या आणि मालमत्तेच्या भांडणांत वकिलाविना उभ्या राहणाऱ्यांची संख्या वाढली आणि न्यायालयांचे काम अवघड झाले. पहिल्या सुधारणेत माणसाला स्वावलंबी करणारी साधने होती. दुसऱ्या निर्णयाने त्याला नुसते एकटे सोडले. वकिलाविना न्याय म्हणजे नेमके काय, हे ठरविताना हा भेद ध्यानात ठेवावा लागेल.

आपल्याकडे साधनांची उणीव आहे ती नेमकी तालुक्याच्या ठिकाणी. संसदेने समुपदेशक दिला तो कौटुंबिक न्यायालयाला. त्याच्या हद्दीबाहेरच्या गावकऱ्याच्या वाट्याला तो कायद्याने येत नाही. शहरातील दांपत्याला समेटासाठी प्रशिक्षित माणूस मिळावा आणि डोंगराच्या कुशीतील दांपत्याला तो मिळू नये, याला कोणतेही तर्कशुद्ध कारण नाही. प्रत्येक तालुका न्यायालयात परस्परसंमतीच्या अर्जाचा सोप्या मराठीतील छापील नमुना, लागणाऱ्या कागदपत्रांची यादी आणि अर्ज तपासून देणारा एक जबाबदार कर्मचारी एवढी व्यवस्था झाली, तरी पुष्कळ लोकांचा अडलेला मार्ग मोकळा होईल. समुपदेशकाने महिन्यातून ठरावीक दिवशी तालुक्याला यावे, ही मागणीही अवाजवी नाही. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.

तोवर ही जबाबदारी काही अंशी गावातील शिकलेल्या माणसांवर येते. शाळेतील शिक्षक, पंचायतीतील कारकून, महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी यांच्याकडेच लोक कागद घेऊन येतात आणि लिहून मागतात. सोडचिठ्ठीचा मजकूर लिहून देण्याआधी, या कागदाने विवाह संपत नाही, एवढे त्यांनी सांगितले तरी एखाद्या कुटुंबावरचे अरिष्ट टळेल. त्याच्या पुढे जाऊन वडगावच्या विधी सेवा समितीची वाट दाखविली आणि पहिल्या तारखेला सोबत गेले, तर माहेरी परतलेल्या मुलीला न्यायाधीशापुढे आपले म्हणणे आपल्या तोंडाने मांडण्याचे बळ येईल. कायद्याने हा हक्क तिला केव्हाच दिला आहे. तो वापरण्याची सोय तिच्या तालुक्यात करून देणे हे आता शासनाचे आणि न्यायव्यवस्थेचे काम आहे.